उंदरांपुरता पुरावा

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी आई गेली आणि डहाणूच्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. लग्न केलं नव्हतं. भाऊ बडोद्याला, त्याचा फोन सणासुदीला. तीस वर्षं मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. सकाळची एसटी, दिवसभर बोलणं, आणि परतताना घसा बसलेला. आता त्या घशाला काही कामच नव्हतं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा, पेपर दाराखालून आत यायचा. अकरा वाजता भाजीवालीला "पाव किलो दे" म्हणायला तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा, आणि लक्षात यायचं, आज आपण बोललेलं हे पहिलंच वाक्य.

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं ते का केलं हे त्याशिवाय कळणार नाही. सबब म्हणून सांगत नाही.

ऑक्टोबरच्या एका दुपारी बेल वाजली. दारात चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, केस रंगवलेला एक माणूस उभा होता.

"बाई, ओळखलंत?"

नाव आठवलं नाही, पण हात आठवला. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची इतकी नेटकी आकृती काढायचा की ती वही मी पुढच्या वर्गांना दाखवायचे. तसं म्हटल्यावर तो लाजला, वाकून पाया पडला आणि आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसला. उंबरगावच्या एका कंपनीत तो सुपरवायझर होता. कंपनी दुसरीकडे गेली, हा मागे राहिला. आता वेगळं काम हातात आलं होतं. त्याने पिशवीतून एक पांढरी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"बाई, ही गोळी म्हातारपण लांबवते म्हणतात. द्राक्षाच्या सालीत असतं ते द्रव्य आहे यात. सुरतेच्या एका माणसाने मला एजन्सी दिलीय. पण मी आपल्या लोकांच्या तोंडावर खोटं बोलणार नाही. हे रिसर्चचे कागद त्याने पाठवलेत, सगळे इंग्रजीत. तुम्ही वाचा. तुम्ही खरं म्हणालात तर विकेन. नाहीतर बाटल्या परत करतो."

त्याचं हे शेवटचं बोलणं मी आजही शब्दन् शब्द सांगू शकते. तो फसवायला आलेला नव्हता. तो विचारायला आला होता.

पुढचे चार दिवस मी वाचत बसले. त्याने दिलेले कागद थोडेच होते. मी मोबाइलवर आणखी शोधले, स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले, पेन्सिलीने खुणा केल्या. आईचं आजारपण सुरू झाल्यापासून इतकी गढून मी काही केलं नव्हतं. जेवायची वेळ टळायची. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे जे दिसलं ते आणि उजवीकडे जे दिसलं नाही ते, असं लिहीत गेले.

त्या द्रव्याचं नाव रेस्व्हेराट्रॉल. द्राक्षाच्या सालीत असतं, शेंगदाण्यात थोडं, आणि एका जपानी झुडपाच्या मुळांत बरंच. बुरशीने हल्ला केला, कडक ऊन लागलं, की झाड स्वतःच्या बचावासाठी ते तयार करतं. ते घातल्यावर यीस्ट जास्त जगतं असं एका ठिकाणी दिसलं होतं. दुसऱ्यांनी करून पाहिलं तर त्यांना तसं दिसलं नाही. जंतांवर आणि माश्यांवर कधी हो, कधी नाही. चरबीचं खाणं देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांची तब्येत त्याने सुधारली आणि ते जास्त जगले. साधं खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य मात्र वाढलं नाही. माणसांवरचे प्रयोग छोटे होते, थोड्या काळाचे होते. कुठे रक्तातली साखर जराशी खाली आली, कुठे काहीच फरक नाही. शिवाय पोटात गेल्यावर आतडी आणि यकृत मिळून त्याचा बहुतेक भाग लगेच मोडून टाकतात, रक्तात अगदी थोडं उरतं. त्याने माणूस जास्त जगतो असं दाखवणारा एकही कागद मला सापडला नाही.

उजवी बाजू भरली होती. डावीकडे निम्मं पान रिकामं होतं. एखाद्या मुलाने असं पान माझ्यापुढे ठेवून निष्कर्ष विचारला असता, तर मी एका वाक्यात सांगितला असता.

पाचव्या दिवशी तो आला. मी पोहे केले होते. त्याच्यासमोर वही उघडली आणि डावीकडून सुरुवात केली. उंदरांबद्दल सांगितलं, झाडाच्या बचावाबद्दल सांगितलं. तो पुढे सरकून ऐकत होता, तसाच, जसा दहावीत पहिल्या बाकावरून ऐकायचा. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघत होतं. उजव्या बाजूला आले तेव्हा माझा वेग वाढला. "माणसांवर अजून पुरेसं काम झालेलं नाही," एवढं म्हणून मी वही मिटली.

"म्हणजे चालतं ना, बाई?"

मला "नाही" म्हणायचं होतं. पण "नाही" म्हटलं की तो बाटल्या परत करणार, आणि मग या घरी यायचं त्याला काही कारण उरणार नव्हतं. हा विचार मी तेव्हा एवढ्या स्पष्ट शब्दांत केला नव्हता. पण केला होता.

"आशादायक आहे," मी म्हणाले.

त्याने तो शब्द जपून नेला. दोन आठवड्यांत तलासरीतला लग्नाचा एक लहान हॉल दर रविवारी सकाळी ठरला. "बाई, तुम्ही फक्त दोन शब्द बोला. तुमच्या हाताखालून अख्खा तालुका गेलाय." रविवारी नऊला त्याची इको गाडी माझ्या बिल्डिंगखाली यायची. मी इस्त्रीची साडी नेसून आठ वाजल्यापासूनच तयार असायचे.

हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं. निवृत्त शिक्षक, एक-दोन रेल्वेतले, पाड्यांवरून आलेल्या बायका, माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप. मी खडू मागून घेतला. तिथे फळा नव्हता, पण हातात खडू असल्याशिवाय मला बोलता येईना. "आंब्याच्या बुंध्याला कोयता लागला की काय होतं?" मी विचारायचे. "चीक येतो!" सगळे एका सुरात. "का येतो? झाड आपली जखम आपणच भरतं. द्राक्षाची वेलही संकटात असंच एक द्रव्य बनवते. आता शास्त्रज्ञ बघतायत की तेच आपल्याही उपयोगाला येतं का." एवढ्यात खोटं काही नव्हतं. मी थांबायचे तिथे माझा विद्यार्थी उठायचा आणि बाटल्यांबद्दल बोलायचा. माझ्या "बघतायत"चं त्याच्या तोंडी "सांगतायत" व्हायचं. मी खुर्चीवर बसून ऐकायचे.

नंतर बायका भोवती जमायच्या. "बाई, तुमी बारीक झाल्या." "बाई, एकदा घरी या." त्याच्या घरी जेवण व्हायचं, त्याची बायको तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी करायची आणि माझ्या ताटात आग्रहाने वाढायची. मधल्या दिवसांत तिचा फोनही यायचा, काही काम नसताना, फक्त "काय केलंत आज जेवायला?" एवढं विचारायला. मीही ती गोळी घेत होते. चालताना हलकं वाटतं असं मला खरंच वाटायला लागलं होतं. त्याचं श्रेय मी बाटलीला दिलं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले. "बाई, एक विचारू? माणसांना ही देऊन किती वर्षं पाहिलं? किती माणसं जास्त जगली?"

वर्गात हाच प्रश्न आला असता तर मी त्या मुलाला पुढे बोलावून शाबासकी दिली असती.

"संशोधन चालू आहे, काका," मी म्हणाले.

ते खाली बसले. पुढच्या रविवारी आले नाहीत.

त्याच सुमारास शाळेतल्या मावशी आल्या. शाळेच्या पोषण आहाराची खिचडी त्या शिजवायच्या. माझ्याच वयाच्या असतील, पण सगळी शाळा मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. तपेल्याच्या तळाची खरवड त्या माझ्यासाठी वाटीत काढून ठेवत आणि मधल्या सुट्टीत मुकाट्याने टेबलावर आणून ठेवत. काम सुटल्यावर त्या वेवजीला मुलीकडे राहत होत्या. दोन गाड्या बदलून सभेला आल्या होत्या. खुर्च्या रिकाम्या असून भिंतीला टेकून खालीच बसल्या. सभा संपल्यावर जवळ आल्या, माझा हात हातात घेतला.

"बाई, मी घेऊ ना ही गोली? तुमी सांगाल तसा."

कुणीतरी मला फोटोसाठी हाक मारत होतं. "घ्या मावशी," मी म्हणाले, "नुकसान काही नाही."

तुम्ही दुसरं काही औषध घेता का, हे मी विचारलं नाही. साध्या आम्लाचा प्रयोग करताना मी एकेका मुलाचे हात कोरडे आहेत का हे दोनदा बघायचे.

जानेवारीत एका सकाळी माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. आवाज पडलेला. "बाई, आपल्या शाळेतल्या मावशींना झटका आलाय. तलासरीहून कासाच्या सरकारी दवाखान्यात नेलंय."

मी तशीच निघाले. डहाणूहून कासाकडे जाणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसले. शेजारची बाई कोंबडी घेऊन बाजाराला चालली होती.

मावशी खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात चादरीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला. उशाशी मुलगी बसली होती. तिलाही मी शिकवलं होतं. आता ती उंबरगावला कंपनीत जाते. एक तरुण डॉक्टरीण तिच्याशी बोलत होती.

"बीपीची गोळी चालू होती ना त्यांची? कधी बंद केली?"

"मला आजच कळलं," मुलगी म्हणाली. "डब्यात पाकिटं तशीच आहेत. ती म्हणायची, एवढ्या गोळ्या कशाला, मी बाईंनी सांगितलेली एकच घेते." तिने पिशवीतून पांढरी बाटली काढली.

डॉक्टरणीने बाटली फिरवून वाचली. "याने बीपी उतरत नाही. गोळी बंद झाली, बीपी चढलं, म्हणून हे झालं असणार." ती रागावली नव्हती. असं तिने बऱ्याच वेळा पाहिलेलं असावं. "कोण बाई?"

"मी," मी म्हणाले.

डॉक्टरणीने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाटली मुलीच्या हातात परत दिली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मग मुलीने तोंड उघडलं. आवाज चढवला नाही.

"बाई, बीपीची गोळी सोड असं तुम्ही तिला म्हणालात का?"

"नाही."

"सोडू नको असं म्हणालात का?"

"नाही."

तिने मान हलवली आणि आईच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळणारी लाळ पदराने पुसली. मावशींनी मला पाहिलं होतं. उजवा हात थोडा वर करून त्यांनी बोटाने खाटेची कड दाखवली. बसा, असं म्हणत होत्या. मी बसले.

त्या आठवड्यात मी ती वही पुन्हा उघडली. डावी बाजू न वाचता नुसती उजवी बाजू वाचली, पुन्हा पुन्हा, मोठ्याने.

रविवारी गाडी आली. मला वाटलं होतं तो सभा रद्द करेल. "बाटल्या पडून आहेत बाई," तो म्हणाला. वाटेत गुजरात सीमेवरच्या अच्छाडच्या बाजूने येणारे ट्रक हायवेवर एकामागून एक जात होते, त्यांच्याकडे बघत मी त्याला सांगितलं, की आज मी सगळं सांगणार आहे.

"सगळं म्हणजे?"

"त्या दिवशी जे भरभर वाचलं ते. माणूस याने जास्त जगतो याचा पुरावा नाही. मला तेव्हाच माहीत होतं."

त्याने गाडी बाजूला घेतली.

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी त्याच्यासाठीच तर आलो होतो ना तुमच्याकडे."

मी त्याला खरं कारण सांगितलं. तू येत राहावंस म्हणून. हे सांगताना मला जी लाज वाटली तशी हॉलमध्येही वाटली नाही. त्याने गाडी सुरू केली आणि मला हॉलपर्यंत नेलं. हे त्याने केलं. मला तिथेच उतरवून तो निघून जाऊ शकत होता.

मी उभी राहिले. खडू मागितला नाही. मावशींना काय झालं ते सांगितलं. मग यीस्ट, माशी, लठ्ठ उंदीर, साधे उंदीर आणि शेवटी माणूस, कुठे काय दिसलं आणि कुठे दिसलं नाही. ज्याची बीपीची, साखरेची, दम्याची गोळी चालू आहे त्याने ती डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नये, हे तीन वेळा सांगितलं.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. तिचे दोन मुलगे माझ्याकडे शिकले होते. "म्हणजे इतके दिवस तुम्ही खोटं बोललात?"

"अर्धं बोलले," मी म्हणाले.

"आम्हाला काय, अर्धं आणि पुरं सारखंच," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. तिच्यामागून चार-पाच जण गेले. बाकीचे बसून राहिले, पण नंतर माझ्याभोवती कुणी जमलं नाही. एका म्हाताऱ्याने फक्त खिशातून चुरगळलेलं पाकीट काढून विचारलं, "ही चालू ठेवू ना?" ती बीपीचीच गोळी होती. मी नाव वाचलं, हो म्हणाले, आणि तरीही डॉक्टरांना विचारा असंही म्हणाले.

मी परतीला एसटी धरली. स्टँडवर तो मागून आला, गाडी लागेपर्यंत शेजारी उभा राहिला. उरलेल्या बाटल्या त्याने सुरतेला पाठवल्या असं पुढे कुणाकडून तरी कळलं. आता तो वापीला कुठेतरी कामाला जातो. त्याच्या बायकोचे फोन बंद झाले. मी एकदा केला होता, तिने उचलला, स्वयंपाकात आहे म्हणाली. सकाळचे दहा वाजले होते, असेलही.

मावशी तीन आठवड्यांनी घरी आल्या. मी वेवजीला जायला लागले, मंगळवारी आणि शुक्रवारी, मुलगी कामावर असताना. पहिल्या दिवशी तिने दारातच थांबवलं होतं, मग आईकडे बघून बाजूला झाली. गोळ्यांचा डबा मी सकाळ-संध्याकाळचे कप्पे करून लावून द्यायचे. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम करून घ्यायचे: ताटात वाल पसरायचे आणि डाव्या हाताने एकेक उचलून वाटीत टाकायचा. पहिल्या आठवड्यात एकही वाल उचलला गेला नाही. मावशी घामाघूम व्हायच्या आणि मग उजव्या हाताने मूठभर उचलून वाटीत टाकायच्या, माझी गंमत करायला.

त्यांचं बोलणं अडखळत परत आलं. एकदा म्हणाल्या, "बाई, तुमी पण खायाचे ना ती गोली?"

"हो."

"मग झाल्या का जवान?"

"नाही हो, मावशी."

"मी पण नाय," त्या म्हणाल्या, आणि हसताना चेहऱ्याची एकच बाजू हसली. मी त्यांची माफी मागितली, तेव्हाच, वालाचं ताट मध्ये असताना. त्यांनी ते ऐकलं, मान हलवली आणि पुढचा वाल उचलायला हात नेला. माफ केलं की नाही ते मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा मला हक्क नव्हता.

एप्रिलपर्यंत त्या डाव्या हाताने कप धरायला लागल्या. एका शुक्रवारी मुलगी घरीच होती. मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली.

"बाई, आता आईचं आईला जमतं. तुम्ही एवढ्या लांबून उन्हात नका येत जाऊ."

"मला त्रास नाही होत."

"तिला होतो," ती म्हणाली. "तुम्ही आलात की ती चहा करायला उठते. परवा चुलीजवळ तोल गेला. सांगितलं तरी ऐकत नाही. बाई आल्यात म्हणते."

मी विचारलं, "कधीतरी आले तर चालेल?"

"या ना. आम्ही कुठे नाही म्हणतो." तिने हात दाखवून माझ्यासाठी गाडी थांबवली, ड्रायव्हरला तलासरी नाक्यावर उतरवायला सांगितलं आणि गाडी हलायच्या आधीच घराकडे वळली.

त्यानंतर मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला अर्धा तास बसले, आधीच सांगून ठेवलं की चहा पिऊन आलेय. दुसऱ्या खेपेला दाराला कुलूप होतं. शेजारची बाई कुंपणापाशी आली. मायलेकी बाजाराला गेल्यात म्हणाली, मावशी आपल्या पायांनी गेल्यात, काठी घेऊन. तिने मला पाणी दिलं. मी ओट्यावर बसून ते प्यायले.

"काय निरोप सांगू?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "सहज आले होते."

तांब्या तिच्या हातात दिला आणि रस्त्याला लागले.